उजवीकडे मैया, हातात स्केचबुक

आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १०.

ध्यानयोगाच्या या श्लोकात भगवंत योग्याने कसं राहावं ते सांगतात: एकांतात, एकट्याने, मन ताब्यात ठेवून, आशा आणि साठवण सोडून. आज यातले दोनच शब्द घेऊ, 'एकाकी' आणि 'अपरिग्रह'.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचं एक स्वप्न असतं. नोकरीतून मोठी सुट्टी काढायची, पाठीवर सॅक घ्यायची आणि चित्रं काढत एकट्याने नर्मदा परिक्रमा करायची. मग शंका येते. ही भक्ती की हौस? दिसलं ते वहीत भरून घेणं हासुद्धा संग्रहच ना?

एकाकी म्हणजे कोण?

नर्मदा साधारण १३१२ किलोमीटर लांब. दोन्ही काठांनी चालायचं म्हणजे २६०० किलोमीटरच्या वर वाट. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र मध्येच ओलांडायचं नाही. समुद्राशी पोचल्यावर मात्र नावेने पलीकडच्या तीरावर जायचं. चातुर्मासात एका जागी मुक्काम. परंपरेने पूर्ण परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची. आज बरेच जण काही महिन्यांत करतात.

या वाटेवर एकटा निघालेला माणूस दारात उभा राहून "नर्मदे हर" म्हणतो, आणि ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही ते चहा देतात, सदावर्त देतात, झोपायला ओसरी देतात. त्याचं डेझिग्नेशन कुणी विचारत नाही. तो नुसता 'बाबाजी' असतो, ती 'माताजी'. म्हणजे एकाकी असणं हे माणसं टाळणं नव्हे. आपली ओळख, आपला ग्रुप, आपली सोय यांचा आधार सुटणं म्हणजे एकाकी. तो सुटला की दुसऱ्याच्या हातची भाकरी प्रसाद वाटायला लागते.

वही आणि अपरिग्रह

फोटो एका सेकंदात निघतो आणि आपण पुढे सरकतो. स्केचला पंधरा मिनिटं एका घाटावर बसावं लागतं. नजर पाण्यावर, मग कागदावर. रेघ चुकते, नजर परत पाण्यावर. याच अध्यायातला २६वा श्लोक आठवा: मन जिथे जिथे भटकेल तिथून त्याला परत आणायचं. स्केच करताना नेमकं हेच घडतं. वही हे परत येण्याचं साधन झालं, तर ती जपमाळेच्या जवळची.

पण "पान किती छान झालं, पोस्ट केलं तर..." हा विचार आला की तीच वही गाठोडं होते. परीक्षा सोपी आहे. ज्या आजींनी जेवू घातलं त्यांना ते पान, आधी त्याचा फोटो न काढता, फाडून देता येईल का? हात अडखळला, तर संग्रह कुठे आहे ते कळलं.

मग चित्रं जपूच नयेत का? अमृतलाल वेगड यांच्याकडे बघा. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेले, जबलपूरचे हे चित्रकार आणि कलाशिक्षक १९७७ मध्ये जबलपूरहून मंडल्याकडे चालत निघाले. ते एकटे नव्हते. सोबत्यांबरोबर, टप्प्याटप्प्याने, वर्षानुवर्षं चालले आणि वाटेत रेखाटत राहिले. पुढे बर्गी धरण झालं आणि त्या पहिल्या वाटेचा काही भाग पाण्याखाली गेला. वाट उरली नाही, पण त्यांनी पाहिलेलं काठावरचं जगणं त्यांच्या रेखाटनांतून आणि पुस्तकांतून हजारो घरांत पोचलं. त्यांनी जपलं ते वाटण्यासाठी. साठवणं आणि वाटणं, फरक इथे आहे.

आणि हो, सुट्टी कमी असेल तर टप्प्याने चाला. एकटे निघालात तरी घरी मुक्काम कळवत राहा. घरच्यांना घोर लावणं म्हणजे वैराग्य नव्हे.

आजचा अभ्यास

परिक्रमा घडेल तेव्हा घडेल. आज संध्याकाळी फोन घरी ठेवा, जवळच्या नदी, तळं किंवा देवळापर्यंत एकटे चालत जा. पंधरा मिनिटं बसून एक चित्र काढा. येईल तसं. परतताना ते कुणाला तरी देऊन टाका. हात रिकामा झाल्यावर मनात काय उरतं ते बघा.

नर्मदे हर!