करंगळीतली नळी

कस्तुरबा गांधी मार्गावर माझं ऑफिस, आणि दुपारचं जेवण बहुतेक महाराष्ट्र सदनात. २०१३ साली हे नवं सदन उघडलं, तेव्हापासून ‘एम्स’ची फाईल काखेत धरलेली आपली माणसं तिथे भेटतात. मी डाव्या हाताने घास उचलतो हे पाहून विचारतात, आणि बोलणं वाढतं. खिडकीच्या काचेने माझ्या उजव्या मनगटातली मिडियन नस (मज्जातंतू) तुटली, करंगळीतली एक बारीक नसही. तुटलेल्या टोकांमधलं अंतर सांधायला मनगटात पायातली नस बसवली, करंगळीत कोलॅजनची नळी. त्यांना सांगतो तेच इथे.

१. कातडी शिवली म्हणजे नस जोडली असं नाही. पहिल्या ठिकाणी टाके घालून घरी पाठवलं; बोटं बधिरच राहिली. तुटलेल्या नसेची टोकं मागे सरतात, त्यांवर व्रण धरतो. उशिरा उघडलं की तो छाटावा लागतो आणि मध्ये अंतर पडतं. ओढूनताणून टाके घातले तर नसेचा रक्तपुरवठाच कमी होतो. हात कापला आणि बोटाला स्पर्श कळेना, तर तिथल्या तिथे विचारा: नस पाहिली का?

२. पायातली नस फुकट येत नाही. पोटरीमागची सुरल नस काढली, की पावलाची बाहेरची कड बधिर होते. दिल्लीच्या जानेवारीत मोजा ओला झालेला त्या कडेला मला कळत नाही. तरी मनगटातल्या जाड नसेसाठी हाच पहिला पर्याय. सुरल बारीक, म्हणून तिचे तुकडे शेजारी-शेजारी ठेवून जाडी भरतात. त्या तुकड्यांत श्वान नावाच्या पेशी असतात, त्या नव्या तंतूंना पोसतात, वाट दाखवतात. बाजारातली नळी आतून रिकामी असते. तिचा भरवसा साधारण ३ सेंटीमीटरपर्यंत, आणि तोही बारीक, संवेदनेच्या नसांत जास्त.

३. नळी नस बनवत नाही. वाढायचं ते तंतूच वाढतात. नळी फक्त बाहेरचा व्रण आत येऊ देत नाही आणि टोकांतून पाझरणारा पोषक द्रव जागेवर राखते. कल्पना जुनी आहे: १८८०च्या सुमारास ग्लुक यांनी हाडातला चुना काढून नळी केली होती. पुढे सिलिकॉन आलं, पण ते विरत नाही. नस जाड झाली की तिलाच आवळतं, मग काढायला पुन्हा शस्त्रक्रिया. बांधकामात स्लॅब धरला की सेंट्रिंग काढावं लागतं. नसेचा हा आधार मात्र आपोआप विरघळला पाहिजे. नैसर्गिक बहुवारिकांचं (पॉलिमरचं) मोल इथे आहे. कोलॅजन शरीरातच असतं, त्याला तोडणारी विकरंही असतात. चिटोसान हे असंच दुसरं बहुवारिक, त्याला लायसोझाइम हे विकर पचवतं, तेच जे आपल्या अश्रूंत असतं. कोलॅजनच्या नळीला अमेरिकेत २००१ साली परवानगी मिळाली. चीनमध्ये नानतोंगच्या संशोधकांनी २००५ साली चिटोसानच्या नळीत पॉलिग्लायकोलिक आम्लाचे धागे भरून कुत्र्याच्या मांडीतल्या नसेचं ३० मिलिमीटरचं अंतर सांधल्याचं प्रसिद्ध केलं. आत धागे भरले की तंतूंना धरायला काहीतरी मिळतं. माझ्या मते पुढची वाट तीच.

४. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. चिटोसान कोळंबी-खेकड्याच्या टरफलांतून येतं, ससून डॉकवर ज्यांचे ढीग पडतात त्याच. आम्लाने चुना, अल्कलीने प्रथिनं काढावी लागतात, आणि टरफल बदललं की मालही बदलतो. रेशमात धागा चिकटवणारं सेरिसिन असतं. ते धुऊन फक्त फायब्रॉइन घ्यायचं, नाहीतर शरीर चिडतं. आपल्या भंडारा-गडचिरोलीच्या टसरच्या फायब्रॉइनमध्ये पेशींना चिकटायला सोयीची आर-जी-डी ही अमिनो आम्लांची जोडणी मुळातच आहे, तुतीच्या रेशमात ती नसते. वाचून मला अभिमान वाटला. पण टसरची नळी दवाखान्यात मिळते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

५. नस रोज सुमारे १ मिलिमीटर वाढते, तेही सुरुवातीचे काही आठवडे गेल्यावर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत म्हणजे सहा महिने सहज. नसेवर टिचकी मारली की पुढे झिणझिण्या जातात. टिनेल यांनी १९१५ साली लिहिलेली ही खूण, आणि ती पुढे सरकली की माझा दिवस बरा जातो. स्नायू मात्र वर्ष-दीड वर्षापेक्षा फार थांबत नाहीत. फिजिओथेरपी चुकवू नका. स्पर्श परततो तोही सरमिसळ होऊन: तर्जनीला हात लावला तर मधलं बोट उत्तर देतं. डोळे मिटून खिशातली नाणी ओळखायचा सराव मी जेवणानंतर करतो. चहाचा पेला आधी बऱ्या हाताने चाचपा, भाजलेलं कळत नाही.

६. करंगळी मनगटाआधी जागी झाली. त्यावरून नळी श्रेष्ठ ठरत नाही; तिथलं अंतरच थोडं होतं. निरोगी बोटाला ६ मिलिमीटरपेक्षा जवळची दोन टोकं वेगळी कळतात, माझ्या करंगळीला अजून नाही.

७. नळी कशाची, कोणत्या प्राण्याची, हे शस्त्रक्रियेआधी विचारा. कोलॅजनच्या काही नळ्या गाईबैलांच्या स्नायुबंधापासून करतात. सदनातल्या एका काकांना हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पायातलीच घेऊ द्या.” तो त्यांचा हक्क आहे. कोळंबी खाऊन ज्यांच्या अंगावर पित्त उठतं, त्यांनी चिटोसानचं नाव निघताच तेही सांगावं. आणि नळीच्या वेष्टनावरचं लेबल डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. पुढचा डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतो.