दृष्टिमांद्य आणि उच्च रक्तदाब : नेत्रौषधापूर्वी एक तपासणी

'अलीकडे अंधूक दिसते, डोळ्यांसाठी काहीतरी द्या' असे म्हणणारा पन्नाशीच्या आसपासचा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. आपण तिमिराचा विचार करून सप्तामृत लौह, त्रिफळा घृत योजतो. या तक्रारीमागे उच्च रक्तदाब असू शकतो, याचे स्मरण मात्र दर वेळी राहतेच असे नाही. आमचेही एकदा राहिले नाही.

मुलुंड येथील आमच्या चिकित्सालयात ४७ वर्षांच्या एका रुग्णास आम्लपित्तासाठी आम्ही यष्टिमधु चूर्ण दिले. बरे वाटते म्हणून त्याने ते पुढे चार महिने दुकानातून परस्पर आणून घेतले. रक्तदाबाच्या गोळ्या त्याने आधीच बंद केल्या होत्या; आम्ही ते विचारलेच नव्हते. दृष्टी अंधूक झाल्यावर तो पुन्हा आला, तेव्हा रक्तदाब २१०/१३० भरला. त्याच दिवशी त्यास रुग्णालयात पाठविले. दृष्टिपटलावर रक्तस्राव व दृष्टिचेतेच्या मुखाशी सूज आढळली. दृष्टी बरीचशी परतली, पूर्णपणे नाही.

विकृती कशी घडते?

रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेविना प्रत्यक्ष पाहता येतात असे स्थान म्हणजे दृष्टिपटल. कीथ, वॅगनर व बार्कर यांनी १९३९ साली तेथील बदलांच्या चार अवस्था मांडल्या.

१) सूक्ष्म रोहिण्या आकुंचित होतात.
२) त्यांच्या भिंती जाड होऊन छेदस्थानी नीला दबलेली दिसते.
३) भिंतींतून रक्त व द्रव झिरपतो, रक्तपुरवठा तुटलेल्या जागी कापसासारखे पांढरे ठिपके उमटतात.
४) दृष्टिचेतेच्या मुखाशी सूज येते. ही आत्ययिक अवस्था होय.

पहिल्या दोन अवस्थांत रुग्णास बहुधा काहीच जाणवत नाही. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात दृष्टीची चार पटले व तद्गत दोषांची लक्षणे वर्णिली आहेत. तथापि केवळ नामसाम्यावरून ती पटले व आजचे दृष्टिपटल एकच मानू नयेत.

द्रव्यविचार

यष्टिमधु चक्षुष्य खरे, परंतु त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. अधिक मात्रेत व दीर्घकाळ घेतल्यास हा धोका वाढतो. सप्तामृत लौहातही यष्टिमधु आहे, हे विसरू नये.

सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडून जगापुढे आणला. परंतु तिचा परिणाम सावकाश होतो. आत्ययिक अवस्थेत तिच्यावर विसंबू नये. विषादाच्या रुग्णास ती देऊ नये.

व्यवहारात काय करावे?

१) शिरःशूल वा दृष्टिमांद्याच्या प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब मोजावा.
२) चालू व बंद केलेली सर्व औषधे विचारावीत.
३) रक्तदाबाच्या रुग्णास नेत्रतल तपासणीस पाठवावे. विलेपार्ल्याचे कूपर, घाटकोपरचे राजावाडी अशा महापालिका रुग्णालयांतही नेत्रविभाग आहेत. बाहुली विस्फारण्याचे थेंब घातल्यावर काही तास वाहन चालवू नये, हे आधीच सांगावे.
४) रक्तदाब १८०/१२० च्या वर व दृष्टी अंधूक असल्यास औषधयोजना करीत न बसता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. तेथेही तो टप्प्याटप्प्याने उतरवितात. एकाएकी उतरविल्यास मेंदू व दृष्टिचेतेस अपाय होतो.

औषधविक्रेते बंधूंना विनंती की, यष्टिमधु वारंवार नेणाऱ्या ग्राहकास 'रक्तदाब आहे का?' एवढे अवश्य विचारावे. आमच्या रुग्णास चार महिन्यांत हा प्रश्न कोणीही विचारला नाही. तो विचारण्याचे पहिले कर्तव्य अर्थातच आमचे होते.