राणीच्या बागेला निघतेस ना? मग ऐक

पोरी, मुलांना आणि सासूबाईंना घेऊन राणीच्या बागेत जायचं ठरवलंस, छान केलंस. पोरं आतापासूनच "पेंग्विन, पेंग्विन" करत असतील आणि जावईबापू "दोन तासांत उरकू" म्हणत असतील. दोघांनाही हो म्हण, आणि मग मी सांगते तसं कर.

१. आधी वार बघ. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी आणि मग दुसऱ्या दिवशी बंद — कुलपाशी भांडून कुणी आत गेलेलं नाही.

२. जमलं तर रविवार सोड, जावईबापूंना एक दिवस रजा टाकायला लाव — रविवारी वाघापेक्षा वाघ बघणाऱ्यांच्या पाठीच जास्त दिसतात.

३. भायखळा स्टेशनला उतरून पूर्वेला बाहेर पड, तिथून चालत जाता येतं. सासूबाईंसाठी टॅक्सी केलीस तर नुसतं "राणीची बाग" म्हण — 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' हे नाव पाटीवर आहे, पण टॅक्सीवाल्याच्या तोंडी अजून राणीच आहे.

४. सकाळी साडेनऊच्या सुमारास फाटकाशी हजर राहा — ऊन चढलं की जनावरं सावलीत पाय पसरतात, आणि मग "तो हलत का नाही?" याचं उत्तर दिवसभर तुलाच द्यावं लागतं.

५. खिडकीवर दोन मोठे आणि दोन मुलं असं कुटुंबाचं एकत्र तिकीट माग — वेगवेगळी काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. सासूबाईंचं तेवढं निराळं विचार.

६. आत शिरल्या शिरल्या पोरांना एक जागा दाखवून ठेव: "चुकामूक झाली तर इथेच उभं राहायचं, शोधायला निघायचं नाही" — हरवलेल्याला शोधायला हरवलेलाच निघाला, की दोन्ही मुक्कामी सांज होते.

७. पेंग्विन पहिल्यांदा उरकून घे — ती रांग दुपारपर्यंत मारुतीच्या शेपटासारखी वाढते. हे हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. इथे आले ते २०१६ साली, दक्षिण कोरियातून. काचेवर टकटक करू देऊ नकोस.

८. कुठल्याही जनावराला काही म्हणजे काही खायला घालायचं नाही, पोरांनी गळा काढला तरी नाही — आपण एकच वेफर टाकतो, पण त्या दिवशी आलेला प्रत्येक जण एकेकच टाकत असतो.

९. सासूबाईंना सगळी बाग फिरवायचा हट्ट धरू नकोस. सावलीतला बाक, पाण्याची बाटली आणि सोबतीला एक नातवंड एवढं दे — गुडघे दुखले की कौतुकही दुखायला लागतं.

१०. ओडोमॉस घरूनच लावून निघ — दाट झाडी तिथे डास, आणि सासूबाई बाकावर बसल्या की ते आधी त्यांच्याकडेच जातात. पावसाळ्यात पोरांना घट्ट बसणारे बूट घाल, फरशीवर शेवाळ धरतं.

११. आता माझ्या आवडीचं. दुपार झाडांसाठी राखून ठेव — बाग मुळात झाडांचीच आहे, जनावरं नंतरची भाडेकरू. १८६२ साली ही वनस्पती उद्यान म्हणून उघडली. प्राणी आले १८९० मध्ये. त्याआधीची बाग शिवडीला होती, ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी गेली म्हणून बागेने भायखळ्याला बिऱ्हाड हलवलं. वाघ बघून घरी परतणाऱ्यांना हे ठाऊकच नसतं, आणि पन्नास एकरांहून जास्त पसरलेली ही सावली त्यांना फुकटची वाटते.

१२. उर्वशीचं झाड कुठे आहे ते माळ्याला विचार, लाजू नकोस — बागेचा नकाशा कागदापेक्षा माळ्याच्या डोक्यात चांगला असतो. झाड मूळचं ब्रह्मदेशातलं. थंडी ते उन्हाळ्याची सुरुवात या दिवसांत गेलीस तर लाल फुलांचे लांब झुबके खाली लोंबताना दिसतील, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. फूल नसलं तर कोवळी पालवी बघ, तीही मान टाकून लोंबत असते. झाड आजारी नाही, त्याची रीतच तशी.

१३. कैलासपतीची फुलं फांदीला नव्हे, थेट खोडाला लागतात, हे पोरांना स्वतः शोधू दे. पण त्याखाली डबा उघडून बसू नकोस — फळ तोफगोळ्याएवढं, डोक्यात पडलं तर टेंगूळ आणि फुटलं तर दुर्गंधी.

१४. गोरखचिंचेच्या खोडाभोवती सगळ्यांनी हात धरून कडं करा — आफ्रिकेतलं झाड, खोडात पाणी साठवून कोरडे महिने काढतं, म्हणून अंगाने असं सुटलेलं. थंडीनंतर ते निष्पर्ण दिसलं तर "मेलं" म्हणून हळहळू नका, पावसाच्या तोंडावर पुन्हा पानं धरतं.

१५. पोरांना सीता-अशोक दाखव — सोसायटीच्या कुंपणाला जो उंच, सरळसोट 'अशोक' लावतात तो वेगळाच, आणि अर्धी मुंबई त्यालाच खरा समजते. खऱ्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात.

१६. फुलं तोडायची नाहीत. त्याऐवजी वही-पेन्सिल ने आणि गळून पडलेलं पान कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासायला शिकव — शिरा न् शिरा उमटते, आणि पोरं अर्धा तास गप्प बसतात. हा अर्धा तास तुझा, चहा पी.

१७. काळा घोडा बघायला विसरू नका — फोर्टातल्या त्या चौकाला ज्याच्यावरून नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ पासून इथे आहे. घारापुरीचा दगडी हत्तीही इथेच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर. तो १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, उचलताना तुटला. १९१४ मध्ये तुकडे जोडून उभा केला. इतिहासाच्या पुस्तकापेक्षा पोरांना हा तुटका हत्ती जास्त लक्षात राहील.

१८. भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याच दिवशी कोंबू नकोस. मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय ते, १८७२ चं. तिकीटही वेगळं — तिथल्या मातीच्या छोट्या मूर्ती निवांत बघायच्या असतात, आणि दमलेली पोरं काचेच्या कपाटासमोर दोन मिनिटंही थांबत नाहीत. त्याच्यासाठी वेगळी खेप कर, आणि त्या खेपेला मला ने.