काचेच्या हौदांतील पोवळें

पोवळें म्हणजे काय, असें वर्गांत विचारलें तर एक विद्यार्थी ‘दगड’ म्हणतो, दुसरा ‘झाड’ म्हणतो, आणि बोटांतल्या अंगठीकडे पाहणारा तिसरा ‘रत्न’ म्हणतो. वस्तुतः तो प्राणी आहे, हें पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें अठराव्या शतकांत दाखविलें. हे चिमुकले जीव एकत्र राहून चुन्याचें घर बांधितात. उथळ समुद्रांतील बहुतेक पोवळ्यांच्या शरीरांत अतिसूक्ष्म शेवाळाची वस्ती असते. तें उजेडांत अन्न तयार करितें व त्याचा मोठा वांटा घरमालकास देतें. हा व्यवहार ज्यास समजला, त्यास पोवळें पाळण्याची अर्धी विद्या आली.

जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थानें १९६१ सालीं आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्राचें पाणी, समुद्रांतील जिवंत दगड, ऊन आणि हवेचे बुडबुडे, एवढीच त्याची सामग्री. आज निळसर विजेचे दिवे व लाटा उठविणारे पंप आले, तरी तत्त्व तेंच आहे. त्या दगडांवरील जिवाणू माशांच्या मळांतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचें हळूहळू नायट्रेट करितात. ही घडी बसण्यास कित्येक आठवडे लागतात. तोंवर हौदांत पोवळें सोडणें म्हणजे छप्पर नसलेल्या घरांत पाहुणे बोलाविणें होय.

पाण्याच्या दर लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असावे, उष्णमान २५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास असावें. आतां एक कोडें घालतों. हौदांतलें पाणी आटलें, तर भर खाऱ्या पाण्याची घालावी कीं गोड्या? पुष्कळ मुलें ‘खाऱ्या’ म्हणतील. परंतु वाफ होते ती पाण्याची. मीठ मागेंच राहतें. म्हणून शुद्ध केलेलें गोडें पाणीच घालावें. नळाचें पाणी तसेंच ओतूं नये. त्यांतील क्लोरीन व तांब्याचा अंश घातक ठरतो. लहान पात्रांत हे फेरफार झपाट्यानें होतात; म्हणून दहा लिटरांच्या पात्रापेक्षां दोनशें लिटरांचा हौद सांभाळण्यास सोपा. हें ऐकून पालकांस आनंद होणार नाहीं, हें आम्ही जाणतों!

रंगाचें रहस्यही शेवाळांतच आहे. नायट्रेट व फॉस्फेट वाढले कीं शेवाळ माजतें, आणि त्याच्या तपकिरी छटेखालीं प्राण्याचे निळे-हिरवे रंग झांकले जातात. उलट पाणी अगदीं निःसत्त्व केलें तरी रंग फिकटतो. उष्णता फार दिवस टिकली तर शेवाळ बाहेर पडतें, पांढरा सांगाडा दिसूं लागतो व जीव उपाशी मरतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर १९९८ व २०१६ सालीं हेंच संकट आलें. तेथें पाणी थंड करणारें यंत्र कोण बसविणार?

फांदीचा तुकडा कापून दगडास चिकटविला, तर तो कलमाप्रमाणें वाढतो. परदेशांतील पुष्कळ शौकीन अशींच कलमें एकमेकांस देतात, समुद्रास हात लावीत नाहींत. आपल्या देशांत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याचें पोवळ्यांस संरक्षण आहे. तीं समुद्रांतून काढणें वा विकणें हा गुन्हा होय. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मात्र पाण्याचा चष्मा लावून तीं आहेत तेथेंच पाहतां येतात.