आधी फेरे मोजा, मग पैसे

जुनी फोर-बाय-फोर जीप घेताना आपण इंजिनचा आवाज ऐकतो, चेसिसचा गंज पाहतो, कागदपत्रे तपासतो. अ‍ॅक्सलचा रेशो मात्र सहसा कुणी विचारत नाही. पेडगावच्या शिवारातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी घालायची, मागे ट्रॉली लावायची आणि तीच गाडी डांबरी रस्त्याने परभणीला न्यायची, तर हा आकडा आधी माहीत असलेला बरा. तो काढायला खर्च येत नाही. तो न काढता केलेले काम मात्र खिशाला लागते.

आकडा कशाचा?

चाकाचा एक फेरा व्हायला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे लागतात, तो रेशो. म्हणजेच चाकाकडच्या क्राऊनचे दात भागिले शाफ्टकडच्या पिनियनचे दात. 43 भागिले 8 म्हणजे 5.38; 39 भागिले 8 म्हणजे 4.88, 41 भागिले 11 म्हणजे 3.73. महायुद्धातल्या विलीस एमबी जीपचा रेशो 4.88 होता, नंतरच्या सीजे-3बीचा 5.38. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरते. 28 इंची टायरवर, टॉप गिअर सरळ 1:1 असेल तर, ताशी 60 किलोमीटरला 4.88 वर इंजिन मिनिटाला सुमारे 2,180 फेरे घेते आणि 5.38 वर सुमारे 2,400. रोज हमरस्त्याने जाणाऱ्याला हा फरक डिझेलमध्ये जाणवतो.

घरच्या घरी मोजणी

1. गाडी सपाट, टणक जागेवर घ्या. काळ्या मातीत जॅक रुततो. पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या एका चाकाला दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा.
2. मागचे दुसरे चाक उचला आणि अ‍ॅक्सलखाली घोडी लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.
3. गिअर न्यूट्रलला, गाडी टू-व्हीलवर. हँडब्रेक सोडा. अनेक जुन्या जीपचा हँडब्रेक चाकाला नसून प्रोपेलर शाफ्टला असतो. एक चाक उचलल्यावर तो तसाही गाडी धरत नाही. म्हणून ठोकळे आधी, हँडब्रेक नंतर.
4. टायरवर आणि शाफ्टवर खडूने रेघ मारा. एकाने चाक सावकाश 20 फेरे फिरवायचे, दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे.

एक चाक जमिनीवर अडलेले असल्याने वरच्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. म्हणून शाफ्टच्या फेऱ्यांना 10 ने भागा. पावणेचोपन्नच्या आसपास आले तर 5.38, पावणेएकोणपन्नासला 4.88, सव्वासदतीसच्या पुढेमागे 3.73. डिफरन्शियल कायमचे लॉक केलेले असेल तर एक चाक उचलून ते फिरणार नाही. तेव्हा दोन्ही चाके घोडीवर घ्या, 10 फेरे फिरवा आणि 10 नेच भागा.

आता मागची चाके अडवून पुढच्या अ‍ॅक्सलची अशीच मोजणी करा. फ्री-व्हील हब असतील तर ते लॉक करून घ्या. जोडाजोड केलेल्या जीपमध्ये पुढे 5.38 आणि मागे 4.88 निघू शकते. चिखलात चाके घसरत असल्याने हे लपून जाते. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकले की ताण ट्रान्सफर केसवर येतो. असा फरक निघाला तर सौदा थांबवा किंवा दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायला लावा.

खर्चाचे हिशेब

मोठे टायर टाकून ओढ कमी झाली असेल तर आधी गणित करा: जुना रेशो गुणिले नवा टायर भागिले जुना टायर. 28 वरून 31 इंचावर गेल्यास 4.88 × 31 ÷ 28 = 5.40. म्हणजे पूर्वीची ओढ हवी तर 5.38 लागेल. मूळ मापाचे टायर परत लावणे हा त्याहून स्वस्त इलाज, विशेषतः टायर नाहीतरी झिजले असतील तेव्हा.

रेशो बदलायचाच, तर एका संचाचा भाव ऐकून हुरळू नका. समजा दुकानदाराने क्राऊन-पिनियनचे 8,000 रुपये अधिक जीएसटी सांगितले. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवर 18 टक्के कर आहे, म्हणजे 9,440. फोर-बाय-फोरला दोन संच, म्हणजे 18,880. त्यावर बेअरिंग, ऑइल सील, शिम, गिअर ऑइल आणि दोन्ही हौसिंगची मजुरी वेगळी. क्राऊन-पिनियन जोडीनेच घ्या. दोन्हींवर कोरलेला जोडक्रमांक जुळतो का पाहा. मजुरी ठरवताना दातांवर रंग लावून मार्किंग पाहणार का आणि प्ले मोजणार का, हे विचारा. घाईत बसवलेला संच हुंहुं करत लवकर झिजतो. काम झाल्यावर सुरुवातीला जड ट्रॉली ओढू नका आणि 500 ते 800 किलोमीटरला ऑइल बदलून घ्या. स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवर चालत असेल तर त्याचा आकडाही बदलेल.

बिल घ्याच

बिलावर दातांची संख्या, भागाचा क्रमांक, वॉरंटी आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. ज्याच्याकडे जीएसटी क्रमांक नाही, त्याला जीएसटी आकारता येत नाही. जुना संच परत मागा. तक्रार ऐकली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही, पण बिल लागते.