बिअरच्या टाकीतला हॉप्सचा गाळ : 500 लिटरचे 420 कसे होतात?

आपल्या शेलूबाजारचा एक मुलगा पुण्यात मायक्रोब्रुअरीत कामाला लागलाय. परवा त्याचा फोन आला. "सर, टाकी 500 लिटरची, विकायला 420 च निघाली. मालक विचारतोय, बाकीची कुठं गेली?" पोरगं घाबरलं होतं. आजचा धडा त्याच्यासाठी, आणि या लाईनमध्ये जाणाऱ्या बाकीच्यांसाठी.

आधी एक गोष्ट. घरी करून बघतो म्हणू नका. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, घरापुरती असली तरी. शिकायचं तर परवानाधारक ठिकाणीच. पुण्यात 2009 ला डूलाली सुरू झाली, त्यानंतर अशी बरीच ठिकाणं झाली आहेत.

आता हिशेब. एका टाकीचा खर्च 40,000 रुपये धरा. 500 नं भागलं तर लिटरला 80 रुपये. पण विकायला 420 च असेल तर लिटर पडतो 95 रुपयांना. भाव 80 धरून ठरवला तर नफा गाळातच गेला. घाणीवाल्याला हे सांगावं लागत नाही. तो तेल निवळू देतो, वरचं काढतो, आणि भाव लावतो निवळलेल्या तेलावर.

गाळ येतो कुठून? हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, बिअरला कडवटपणा आणि वास देणारी. बहुतेक ठिकाणी ती दाबलेल्या गोळ्यांच्या रूपात येतात. गोळी पडली की भुगा होतो, आणि तो भुगा बिअर पिऊन फुगतो. त्यात यीस्ट आणि प्रथिनांचा साका मिसळतो.

काही गाळ उकळतानाच अडवता येतो. उकळणं संपलं की द्रव गोल फिरवायचा. चहाच्या कपात चमचा फिरवल्यावर पत्ती मधोमध जमते ना, तसंच. मग कडेच्या नळानं स्वच्छ द्रव काढायचा.

खरी गडबड नंतर होते, वासासाठी आंबवणीच्या शेवटी थंड हॉप्स टाकतात तेव्हा. यीस्ट पुढच्या टाकीला वापरायचं असेल तर ते हॉप्स टाकायच्या आधी काढून ठेवा. भुगा मिसळलेलं यीस्ट फारसं कामाचं राहत नाही, आणि यीस्टला पैसे पडतात.

हॉप्स दोन-चार दिवस पुरेत. जास्त ठेवले तर गवतासारखी चव येते. अजून एक, हॉप्समधल्या एन्झाइममुळे आंबणं पुन्हा सुरू होऊ शकतं. म्हणून हायड्रोमीटरचा आकडा सलग दोन दिवस तोच येईपर्यंत थंड करायची घाई नको. मग 2-3 अंशांपर्यंत गार करा आणि दोन-तीन दिवस हात लावू नका. गाळ घट्ट बसतो आणि त्यात अडकलेली बिअर कमी होते. गार होताना टाकी हवा ओढते, तेवढं ध्यानात असू द्या. वरून कार्बन डायऑक्साइडचा दाब ठेवला नाही तर ऑक्सिजन आत जाऊन हॉप्सचा वास मरतो.

आमच्या पोराची चूक इथून पुढची. खालचा व्हॉल्व्ह त्यानं एकदम पूर्ण उघडला. असं केलं की गाळाला मधोमध भोक पडतं, त्यातून चांगली बिअर गटारात जाते आणि गाळ मात्र कडेला चिकटून राहतो. व्हॉल्व्ह थोडाच उघडा, घट्ट गाळ येतोय तोवर चालू द्या, पातळ आलं की बंद. काही तासांनी परत. निघालेला गाळ बादलीनं मोजा आणि वहीत लिहा. मालकानं विचारलं तर वही पुढं करता येते.

राहिलेला गाळ उघड्यावर टाकू नका. माल्टचा चोथा जनावरं खातात, म्हणून हाही चालेल असं वाटतं. पण हॉप्स कुत्र्याला विषारी आहेत, ताप चढून जीव जातो. खड्डा करा, कंपोस्टमध्ये पुरा, वर माती टाका.