घटक ४ : संहिता वाचणारा संगीतकार

४.१ प्रास्ताविक

पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण. या परिसरातील विद्यार्थ्यांना 'मुळशी पॅटर्न' (२०१८) हा चित्रपट परका वाटणार नाही. जमीन गमावलेले शेतकरी कुटुंब आणि गुन्हेगारीकडे वळलेला त्यातील मुलगा, असा त्याचा विषय आहे. या चित्रपटाच्या संगीतकारांपैकी नरेंद्र भिडे यांचे शिक्षण अभियांत्रिकीचे होते. मग अशी माणसे चित्रपटसंगीताकडे कोणत्या बळावर येतात? सुरांचे ज्ञान तर हवेच. पण प्रसंग वाचण्याची दृष्टीही तितकीच हवी, हे या घटकात पाहू.

४.२ केशवराव भोळे : एक उदाहरण

केशवराव भोळे (जन्म १८९६) यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले. 'एकलव्य' या टोपणनावाने त्यांनी संगीतविषयक लेखन केले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाला त्यांनी संगीत दिले आणि पुढे ते 'प्रभात'मध्ये आले. 'अमृतमंथन' (१९३४), 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'कुंकू' (१९३७) हे त्यांचे महत्त्वाचे चित्रपट.

यांपैकी 'कुंकू' आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा हे लग्न मनाने स्वीकारत नाही. या चित्रपटात रूढ अर्थाचे पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाजच ते काम करतात. नीरेचा कोंडमारा व्हायोलिनने सांगितला असता, तर प्रेक्षकाला तिची कीव आली असती. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकताना मात्र तो तिच्याबरोबर त्या घरात अडकतो. कोठे वाजवू नये हे कळणे, हाही संगीतकाराच्या कौशल्याचाच भाग होय.

४.३ चित्रपट आणि व्हिडिओ गेम

चित्रपटाचे संकलन झाल्यावर संगीतकार दिग्दर्शकाबरोबर तो पाहतो. सूर कोठे सुरू व्हावा, कोठे थांबावा, हे सेकंदांच्या हिशेबाने ठरते. व्हिडिओ गेममध्ये हा हिशेब चालत नाही. खेळणारा एका दालनात दहा सेकंद थांबेल किंवा दहा मिनिटे. म्हणून संगीतकार लहान, पुनःपुन्हा वाजू शकतील असे तुकडे रचतो आणि त्यांचे थर करतो. धोका जवळ आला की तालाचा थर वाढतो; तो टळला की उतरतो. चित्रपटात प्रसंगाचा काळ दिग्दर्शकाच्या हाती असतो, तर खेळात तो खेळणाऱ्याच्या हाती जातो. प्रसंगाचा भाव ओळखण्याची जबाबदारी मात्र दोन्हीकडे संगीतकाराचीच असते.

४.४ समारोप

भोळे व भिडे या दोघांचेही शिक्षण वेगळ्या क्षेत्रातले होते. ते या कामाच्या आड आले नाही. नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणाऱ्या आपणांसही हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कथा-कादंबरी वाचताना आपण जी संवेदनशीलता कमावतो, तिचा उपयोग परीक्षेपुरताच नसतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'कुंकू'मधील ध्वनियोजनेचे वेगळेपण स्पष्ट करा.
२. चित्रपट व व्हिडिओ गेम यांच्या संगीतातील काळाचा फरक सांगा.
३. उपक्रम : पौडच्या किंवा आपल्या गावच्या एस. टी. स्थानकावर दहा मिनिटे बसा. ऐकू येणाऱ्या आवाजांची नोंद करा. मुलाला शहरात पाठवणाऱ्या आईच्या प्रसंगासाठी त्यांतील कोणता एक आवाज ठेवाल, ते कारणासह लिहा.